यान शेडबाहेर आले कसे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत चार भागांत आलेल्या विज्ञानकथेवर गेले तीन आठवडे याच सदरात वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. बहुतेक पत्रे कथेच्या विरोधात आहेत आणि त्यांतले काही आक्षेप मला मान्यही आहेत. तथापि कथेतल्या एका मोजमापाकडे अद्याप कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचा निकाल त्या मोजमापावर लागतो. मी यंत्र अभियांत्रिकीचा निवृत्त अध्यापक आहे. चौतीस वर्षे मुलांची ड्रॉइंग तपासण्यात गेल्यामुळे कोठेही आकडा दिसला की तो दुसऱ्या आकड्याशी जुळतो की नाही हे पाहिल्याशिवाय माझे पान उलटत नाही. पत्र लांबले आहे ते या खोडीमुळे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

ज्यांनी कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नायिका नागपूरची, चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत राज्य पातळीपर्यंत धावलेली आणि शिक्षणाने यंत्र अभियंता आहे. लेखकाने तिला नाव दिलेले नाही. घरात सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. तिचे वडील हेच तिचे प्रशिक्षक. रोज पहाटे मैदानाच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा हा माणूस एका सकाळी, सरावाला निघण्यापूर्वी बुटाची नाडी बांधत असताना, जागच्या जागी जातो. त्यानंतर ताई धावणे सोडते, नोकरीवर जाते, येते, आणि घरामागे वडिलांची स्कूटर ठेवण्यासाठी बांधलेल्या विटांच्या शेडमध्ये चौदा महिने खपून एक अवकाशयान तयार करते. शेवटच्या भागात, घरातले सगळे झोपलेले असताना, ती ते यान चाकांच्या गाड्यावर घालून मागच्या पटांगणात नेते आणि निघून जाते. मागे आई, आजी आणि बारावीतला भाऊ उरतात.

पहिला आक्षेप विज्ञानाचा आहे आणि तो पूर्णपणे बरोबर आहे. घरच्या घरी बनवलेल्या यानातून कोणी पृथ्वी सोडून जाऊ शकत नाही, आणि याचे कारण जिद्द किंवा पैसा कमी पडतो हे नसून साधे गणित हे आहे. पृथ्वीच्या ओढीतून कायमचे सुटायचे तर सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. वातावरणाचा अडथळा आणि चढताना गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्यात जाणारा वेग धरला तर हिशेब साडेबारा किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. रॉकेलच्या जातीचे इंधन आणि द्रव प्राणवायू जाळून मागे फेकल्या जाणाऱ्या वायूंचा वेग सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर मिळतो. रशियन शिक्षक त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेले रॉकेटचे समीकरण या दोन आकड्यांना लावले, तर निघतानाचे वजन पोहोचतानाच्या वजनाच्या साठपटीहून जास्त भरते. कथेत ताईसह यानाचे वजन ८०० किलो दिले आहे. म्हणजे टाक्यांचे आणि इंजिनांचे वजन चक्क शून्य धरले तरी उड्डाणाच्या वेळी त्या पटांगणात जवळजवळ ५० टनांचा ऐवज उभा असायला हवा. तुलनेसाठी सांगायचे तर भारताचे एसएलव्ही-३ हे उपग्रह सोडणारे १७ टनांचे चार टप्प्यांचे रॉकेट होते, १९७९ मध्ये ते पहिल्या प्रयत्नात कोसळले, आणि १८ जुलै १९८० रोजी त्याने जो उपग्रह कक्षेत सोडला त्याचे वजन ४० किलोंच्याही आतले होते. तेही फक्त पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी. पृथ्वी सोडून जाण्यासाठी नव्हे.

तेव्हा गणिताच्या पेपरात ताई नापास आहे, आणि मी पेपर तपासणारा असतो तर सवलतीचे गुणही दिले नसते. हा नुसता कागदावरचा प्रश्न नाही, हेही वाचकांतल्या हौशी तरुणांसाठी सांगायला हवे. कॅलिफोर्नियात माइक ह्यूज नावाच्या गृहस्थांनी स्वतः बनवलेल्या वाफेच्या रॉकेटातून उडण्याचा प्रयत्न केला आणि २२ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांत त्यांचा जीव गेला. ज्या पत्रलेखकांनी या संदर्भात शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर उडवल्याचे सांगितले जाणारे, पण पुरावा नसलेले विमान पुढे केले आहे त्यांना एवढेच विनवतो की, आपल्याकडे घरी उडते यंत्र बनवणारा खरा माणूस दाखवायचाच असेल तर इतके मागे जाण्याची गरज नाही. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. गच्चीवर बांधलेले विमान कधीतरी खाली उतरवावे लागते, आणि हे एकट्याचे काम नाही. हे वाक्य वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे. मी त्याकडे परत येणार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका वाचकभगिनींनी आपल्या पत्रात असे लिहिले की ही कथा पळपुटेपणाचे उदात्तीकरण करते. दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येते, पण विधवा आई, म्हातारी आजी आणि परीक्षेच्या तोंडावर आलेला भाऊ यांना टाकून मोठी मुलगी आकाशात निघून जाते आणि उंबरठ्यावर साधे ‘येते’ सुद्धा म्हणत नाही, हे त्यांना असह्य वाटले. त्यांनी दाखला दिला तो सचिन तेंडुलकरचा. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी, १९ मे रोजी, वडील प्रा. रमेश तेंडुलकर गेले, सचिन इंग्लंडहून मुंबईला आला, आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या. खेळाडूने दुःख असे पेलायचे असते, असे त्यांचे म्हणणे.

दाखला उत्तम आहे, फक्त तो बाईंच्या विरुद्ध बाजूने बोलतो. सचिनने काय केले? वडिलांना जाऊन तेरा दिवसही झालेले नसताना तो घर सोडून सातासमुद्रापलीकडे गेला. आज आपण त्याला पळून जाणे म्हणत नाही, कारण तो जिथे गेला तिथे बॅट होती आणि दूरदर्शनचा कॅमेरा होता. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परत जा असे त्याला आईने सांगितले होते, ही गोष्ट त्याने स्वतः नंतर अनेकदा सांगितली आहे. घरातल्या माणसाने जा म्हटले की जाण्याचा अर्थ बदलतो. ताईला कोणी जा म्हटले होते का, हाच खरा प्रश्न आहे, आणि वाचकभगिनींनी त्याचे उत्तर ‘नाही’ असे गृहीत धरले आहे.

‘येते’ न म्हणण्याबद्दल मात्र मी ताईची बाजू लगेच घेतो. आपल्याकडे ज्या घरात माणूस गेलेला असतो तिथे भेटायला आलेला माणूस निघताना ‘येतो’ म्हणत नाही. उठतो, चप्पल घालतो आणि मुकाट्याने चालू लागतो. हा शब्द त्या घरापुरता काही काळ बंद झालेला असतो. कथेतल्या घरात तो चौदा महिने बंदच आहे. आजी देवळात जाताना म्हणत नाही, भाऊ शिकवणीला जाताना म्हणत नाही. लेखकाने हे दोन ठिकाणी इतक्या हळूच टाकले आहे की मलाही ते दुसऱ्या वाचनात कळले. ज्या घरात कोणीच तो शब्द उच्चारत नाही तिथे एकट्या ताईने तो उच्चारावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

आता पळून जाण्याविषयी. जो पळतो तो मोजत नाही. ताई चौदा महिने मोजते आहे. वडील ज्या वहीत तिच्या प्रत्येक फेरीची वेळ लिहीत, त्याच वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर तिने पत्र्याची जाडी लिहायला सुरुवात केली आहे, आणि तारीखही वडील घालत तशीच, उजव्या कोपऱ्यात, खाली रेघ मारून घातली आहे. दुसऱ्या भागातले मे महिन्याचे वर्णन आठवा. वर टिनाचे छप्पर, बाहेर पारा पंचेचाळिशीच्या वर, आणि ही मुलगी ओला पंचा मानेवर टाकून वेल्डिंग करते आहे. घाम भुवईवरून चष्म्याच्या आतल्या बाजूला उतरतो, वितळलेल्या धातूचा तो लखलखता ठिपका क्षणभर दोन होतो, आणि हात न हलवता ती डोळे मिटून घेते, कारण या टप्प्यावर डोळ्यांपेक्षा हात थांबणे जास्त महागात पडते. नागपूरच्या टिनाखाली मे महिन्यात ज्याने कधी काम केलेले नाही त्याला हे लिहिता येणार नाही. तो सांधा तिने तीन वेळा कापून पुन्हा केला आहे. पळून जाणाऱ्याला पहिला सांधाही चालला असता.

तिसऱ्या भागाविषयी, म्हणजे अवकाशात गेल्यावर ताईला काय काय होईल याची ती जी टिपणे काढते त्याविषयी, एकाही पत्रात उल्लेख नाही याचे मला आश्चर्य वाटते. विज्ञानाच्या दृष्टीने कथेतला तोच भाग सर्वांत पक्का आहे. वजनरहित अवस्थेत हाडांवर भार राहत नाही आणि कंबरेच्या व पायांच्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्का घटते. म्हणून अवकाश स्थानकावरच्या प्रत्येक अंतराळवीराला रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी बोस्टन मॅरेथॉन अवकाश स्थानकातल्या ट्रेडमिलवर पूर्ण केली, ४ तास २४ मिनिटांत; पण त्यासाठी त्यांना खांद्या-कमरेला पट्टे लावून स्वतःला यंत्राला बांधून घ्यावे लागले, नाहीतर पहिल्याच पावलाला माणूस वर उडून जातो. धावपटूच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे ताई एका ओळीत लिहिते: तिथे धावायचे तर आधी स्वतःला बांधून घ्यावे लागते. जी मुलगी घर सोडण्याच्या तयारीत आहे तिने हे वाक्य वहीत लिहावे आणि त्याखाली रेघ मारावी, हे ज्यांना पळपुटेपणाचे लक्षण वाटते त्यांच्याशी माझा मतभेद आहे.

अश्रूंचेही तसेच. तिथे अश्रू गालावरून ओघळत नाहीत. कॅनडाचे अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांनी २०१३ मध्ये स्थानकातून हे करून दाखवले होते. डोळ्यात सोडलेले पाणी खाली पडण्याऐवजी तिथेच गोळा होऊन बसते, वाढत जाते आणि शेवटी पुसून काढावे लागते. आणि अवकाशात असताना कोणावर असा प्रसंग आलेलाच नाही असे नाही. डॅनियल तानी हे अमेरिकी अंतराळवीर, शिक्षणाने यंत्र अभियंतेच, २००७ च्या डिसेंबरमध्ये अवकाश स्थानकावर असताना त्यांची नव्वद वर्षांची आई रेल्वे फाटकावरच्या अपघातात गेली. ज्या यानातून ते डिसेंबरमध्येच परतायचे होते त्याचे उड्डाण इंधन टाकीतल्या संवेदकांच्या बिघाडामुळे लांबणीवर पडले होते. घरी पोहोचायला त्यांना फेब्रुवारी उजाडला. दोन महिने ते पृथ्वीला रोज पंधरा-सोळा प्रदक्षिणा घालत होते आणि घर खाली होते. त्यांना आणायला आलेल्या यानात लेलंड मेल्विन होते, जे तरुणपणी अमेरिकी फुटबॉलचे खेळाडू होते आणि पुढे मटेरियल सायन्स अभियांत्रिकी शिकून अंतराळवीर झाले. खेळाडू, अभियंता आणि शोक हे तिन्ही एकाच यानातून खाली आल्याची ही खरी घटना कथालेखकाला ठाऊक असेल की नाही याची मला कल्पना नाही, परंतु ताईची गोष्ट लिहिताना ती त्यांच्या टेबलावर असती तर मला नवल वाटले नसते.

एवढे झाल्यावर मी त्या मोजमापाकडे येतो, पण त्याआधी ते माझ्या नजरेत का भरले हे सांगणे भाग आहे.

१९७५ च्या पावसाळ्यात माझा मोठा भाऊ विषमज्वराने गेला. दादा आणि मी दोघेही लांब पल्ल्याचे धावपटू होतो. महालातल्या घरातून पहाटे निघून अंबाझरीपर्यंत जायचे आणि परत यायचे हा आमचा रोजचा क्रम होता. दोघे बरोबर धावत असले की रस्त्यावर चार पावलांचा एक ठेका वाजतो, आणि वर्षानुवर्षे ऐकला की तो कानात बसून जातो. दादा गेल्यावर मी एकदाच धावायला गेलो. बर्डीच्या पुढे जाऊ शकलो नाही. तेव्हा मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. त्यानंतर मी धावलो नाही आणि कोणाशी धड बोललोही नाही. परसात सरपण ठेवायची एक खोली होती, तिथे बसून मी एक नाव बांधायला घेतली. नकाशात मी पाहून ठेवले होते की कन्हान नदीत नाव सोडली तर ती वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. नागपूरचा माणूस पाण्यावर बसल्या बसल्या बंगालच्या उपसागरात पोहोचू शकतो, हा शोध मला तेव्हा फार मोठा वाटला होता. समुद्रात जाऊन काय करायचे, हे ठरवलेले नव्हते.

वर्षभर मी ती नाव बांधत होतो. फळ्या इतवारीतून एकेक करून सायकलवर आणल्या, सांध्यांत सुतळी ठोकून वर डांबर ओतले. घरात कोणी काही विचारले नाही. लोक म्हणत, पोराचे डोके फिरले. आई सांजच्याला खोलीच्या दारात कंदील आणून ठेवी आणि निघून जाई. १९७६ च्या ऑक्टोबरात नाव पुरी झाली तेव्हा माझ्या लक्षात आले की नावेची रुंदी चार फूट दोन इंच आहे आणि खोलीचे दार दोन फूट नऊ इंच. वर्षभरात मी त्या नावेचे प्रत्येक माप दहादा घेतले होते, दाराचे एकदाही घेतले नव्हते. मी तिथेच खाली बसलो. माझे वडील रेल्वेत फिटर होते आणि त्या दिवशी त्यांची रेस्ट होती. ते परसात आले, त्यांनी दार पाहिले, नाव पाहिली, खिशातून टेप काढून दोन्हींची मापे घेतली आणि म्हणाले, “दार लहान पडते हे. पहार आण.”

भिंत माती-विटांची होती, तरी तिला दुपार लागली. बाबांचे हात कामाचे होते, त्यांना काही झाले नाही. माझ्या दोन्ही तळहातांना, जिथे बोटे सुरू होतात त्या ओळीवर, फोड आले आणि फुटले. ओळखीच्या एका ट्रकवाल्याने नाव कामठीच्या पुढे कन्हानच्या पुलाखाली नेऊन दिली. बाबा बरोबर आले होते. आईने भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. नाव पाण्यात ढकलताना बाबा एवढेच म्हणाले, “पोचला की कार्ड टाकजो.”

नाव तिसऱ्या दिवशी गळू लागली. आंभोऱ्याच्या संगमाच्या अलीकडेच एका ढिवराने ती दोरीने ओढून काठाला लावली, मला जेवू घातले, आणि ती नाव मी त्यालाच देऊन टाकली. पाचव्या दिवशी एसटीने घरी आलो. पाडलेली भिंत बाबांनी बांधून काढली नव्हती. तिथे नुसता तट्टा लावला होता. पुढे त्या जागी पाच फुटांचे दार बसवले गेले आणि ते आजही आहे. आता तिथे आमची स्कूटर असते.

आता कथा पुन्हा उघडावी. दुसऱ्या भागात, ताई पत्रा आत नेताना तो आडवा करून तिरपी होऊन शिरते, त्या ठिकाणी शेडच्या दाराची रुंदी स्पष्ट दिली आहे: चार फूट. तिसऱ्या भागात यानाच्या खालच्या घेराचा व्यास दिला आहे: साडेपाच फूट. यान अखंड आहे, सुटे भाग करून बाहेर जोडण्याचा प्रश्न येत नाही, कारण सांध्यांचे वेल्डिंग शेडमध्येच पुरे झाल्याचे लेखकाने सांगितले आहे. चौथ्या भागात यान पटांगणात उभे आहे. मधल्या रात्रीबद्दल लेखक अवाक्षर बोलत नाही. चित्रकाराने काढलेल्या चित्रात शेड अखंड दिसते, पण चित्रकारावर विसंबण्यात अर्थ नाही. कथेत यानाला चार पंख आहेत आणि चित्रात तीन.

कोणी म्हणेल, ही लेखकाची नजरचूक. मी तसे समजत नाही. ज्या लेखकाने वहीतल्या तारखेखालची रेघ लक्षात ठेवली तो दाराचे माप विसरणार नाही. साडेपाच फुटांचे यान चार फुटांच्या दारातून बाहेर आले याचा अर्थ एकच होतो की शेडची भिंत पाडली गेली. ती नऊ इंची पक्क्या विटांची भिंत आहे, सिमेंटमध्ये बांधलेली. वडिलांनी ती स्वतः उभी राहून बांधून घेतल्याचे पहिल्याच भागात आले आहे. अशी भिंत रात्रीतून पाडताना शेजारचे कुत्रे गप्प राहत नाही, मग पंधरा फुटांवरच्या घरातली माणसे झोपून कशी राहतील? लेखकाने ‘घरातले सगळे झोपलेले होते’ असे लिहिले आहे खरे, पण ते ताईच्या नजरेने लिहिले आहे. आपल्याला निघताना बघवणार नाही म्हणून डोळे मिटून पडून राहिलेल्या माणसांना निघणारा माणूस झोपलेलेच समजतो, किंवा तसे समजल्याचे दाखवतो.

वाचकभगिनींचा आक्षेप घरातल्यांना न विचारता निघून गेल्याबद्दल होता. माझे म्हणणे असे की त्या घराला सगळे ठाऊक होते, आणि एकाने तरी त्यात हात घातला. गच्चीवरच्या विमानासारखेच हेही एकट्याचे काम नाही, आणि ताईने एकटीने ती भिंत पाडली असेल असे मानायला जागा नाही. त्या रात्री नऊपासून तीनपर्यंत ती यानाच्या आत बसून झडपा तपासत होती, आणि त्या वेळा मिनिटांसह वहीत नोंदलेल्या आहेत. भाऊ परीक्षेसाठी मावशीकडे राहायला गेला होता आणि पहाटे परतला. आजीला काठीशिवाय उभे राहता येत नाही.

पुरवणी हाताशी असेल त्यांनी चौथ्या भागाचा तिसरा स्तंभ पाहावा. सकाळ झाली आहे, पटांगण रिकामे आहे, आई तुळशीला पाणी घालते आहे, आणि आजी तिला विचारते की तुझ्या हातांना काय झाले. आई म्हणते, भाकरी थापताना तवा लागला. तव्याचा चटका बसतो तो बोटांच्या टोकांना किंवा हाताच्या पाठीवर, आणि बहुधा एकाच हाताला. आईच्या हातांवरचे फोड नेमके कोठे आहेत ते लेखकाने लिहिले आहे: दोन्ही तळहातांवर, बोटांच्या मुळाशी.

आपला,
एक निवृत्त अध्यापक,
महाल, नागपूर